टकल्या मागे वळून बघायचा

३ मार्च, मंगळवार

ही डायरी भिंगरीनं दिली. तिच्या ऑफिसात सगळ्यांना फुकट वाटल्या, तेही वर्षाचे दोन महिने उलटल्यावर. म्हणजे उरलेल्याच असणार. म्हणाली, "आजी, दिवसभर भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा हिच्याशी बोल." मी म्हटलं, भिंत निदान माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही चौथीत गणिताच्या बाई आणि मी, दोघी एकमेकींना टाळायचो.

भिंगरी माझी नात, लेकाची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आता चांगली घोडी झालीय, तरी नाव तेच. गेमच्या कंपनीत असते. खेळत नाही, बनवते. तिचा बाप म्हणतो, "एवढं शिकवलं ते काय पोरखेळ करायला?" मी म्हटलं, तू एवढं शिकून विमा विकतोस, म्हणजे लोकांना मरणाची भीती विकतोस. ती निदान गंमत विकते. तो पेपर घेऊन आत गेला.

तर बातमी ही, की टकल्या परत येतोय!

टकल्या म्हणजे आमच्या घरातला जुना गेम. त्याचं खरं नाव खोक्यावर इंग्रजीत होतं, ते मला कधी वाचता आलं नाही. एक बिनकेसांचा चोर गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत किल्ल्या पळवतो आणि मागे कुत्रं लागलेलं असतं. एवढंच. लेकासाठी आणला होता. लेक आठवड्यात कंटाळला आणि चिकटले मी. दूध उतू गेलं, भात लागला, शेजारीण दार वाजवून वाजवून परत गेली, पण मी टकल्याला वाऱ्यावर सोडलं नाही.

तो डबा टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खुपसायची. वायर मेली ढिली. दाबून धरली तर चित्र, सोडली की पडदाभर मुंग्या. म्हणून आमचे हे टीव्हीपाशी जमिनीवर बसून अंगठ्यानं वायर दाबून धरायचे. रोज संध्याकाळी. "दुरुस्त करून आणा की," म्हटलं की "आणू" म्हणायचे. शेवटपर्यंत आणली नाही. आळशी माणूस! आणि बसायचे तेही बरोब्बर मधे. हेही टकलेच. मी ओरडायची, "अहो, डोकं बाजूला घ्या, दोन टकल्यांत माझा कुठला तेच कळत नाही!"

मूळ कंपनी केव्हाच बुडाली. जुन्या कॅसेटी बुरशीनं खाल्ल्या, चालू प्रत कुणाकडे नाही, नुसते खोक्याचे दोन पुसट फोटो. मग भिंगरीनं काय केलं? लहानपणी तिला भरवताना मी टकल्याच्या गोष्टी सांगायची, त्यावरून सगळा गेम नव्यानं उभा केला. तिच्या साहेबाला छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या आजीनं स्वतः खेळलाय. असाच होता." शुक्रवारी मला दाखवायला नेणार आहे. चपला पुसून ठेवल्यात.

६ मार्च, शुक्रवार

टायरच्या दुकानावर ऑफिस आहे. जिना चढताना रबराचा वास, वर गेलं की कॉफीचा. सात-आठ पोरं कानाला डबे लावून बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही. मला चाकांच्या खुर्चीवर बसवलं, ती मला घेऊन थेट कपाटापर्यंत गेली. फार मजा आली. मुद्दाम दोनदा गेले.

भिंगरीच्या साहेबाला दाढी आहे. एवढी दाढी, की बोलतो तेव्हा फक्त ती हलते, तोंड आतच राहतं. म्हणाला, "या आजी, तुमच्यामुळे हे सगळं चाललंय." मी म्हटलं, मग पगार कुणाला देता? पोरं हसली. दाढी हलली नाही.

मग हातात दोन शिंगांचं यंत्र दिलं. वायर नाहीच त्याला. टीव्ही भिंतीएवढा. आणि टकल्या!

काय सांगू. गच्च्या उन्हानं भरलेल्या, दोरीवर कपडे वाळतायत, कुत्र्याला खरंखुरं शेपूट. टकल्या उडी मारून पलीकडे गेला, थांबला आणि मागे वळून माझ्याकडे बघून त्यानं भुवया उडवल्या. "कसं काय?" असं. अगदी तस्सं. डाव्या कानावर खळगा, तोही तिथंच. मी भिंगरीला सांगायची ना, गच्ची पार केली की टकल्या वळून बघतो, म्हणून. उगीचच माझा हात केसांवर गेला आणि मी ते सारखे केले.

आणि मग कुत्र्यानं टकल्याला धरलं. जुन्यातही माझं हेच व्हायचं. गच्ची पार केली, टकल्यानं वळून बघितलं, मी त्याच्याकडे बघत राहिले, की कुत्र्याच्या तोंडात. बटण दाबायचं भानच राहायचं नाही.

दाढीवाल्यानं विचारलं, "जुना चांगला की नवा, आजी?"

मी म्हटलं, "हा तोच आहे. नवा कुठाय यात?"

भिंगरीनं मला इतकं आवळलं, की चष्मा वाकडा झाला. अजून तिरकाच आहे.

१० मार्च, मंगळवार

वन्संचा फोन. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वयानं माझ्याएवढीच, पण मान मोठ्या नणंदेचा घेते. मी टकल्याची बातमी सांगितली. म्हणाली, "जुन्याची सर नव्याला कधी येते का, वहिनी?"

हे ती मला गेल्या जन्मापासून सांगतेय. कारण मी दुसरी. ह्यांची पहिली बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली, मग मी आले. त्या बाईशी माझं काही भांडण नाही, बिचारी. पण सासूबाईंनी आणि वन्संनी तिला काय काय करायला लावलं, मेल्यानंतर! थोरली अंधारात सुईत दोरा ओवायची. थोरली कधी मोठ्यानं हसली नाही. थोरलीच्या हातून कप फुटला नाही. मी आल्या आल्या दोन फोडले आणि मोठ्यानं हसले. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. जिवंत म्हशीनं कितीही बादल्या भरल्या, तरी लोक त्यात माशी शोधतात.

भिंगरीही सांगत होती, जुने खेळाडू इंटरनेटवर खवळलेत. "आमच्या गेमला हात लावू नका, नव्यात ती मजा नाही." अजून कुणी बघितलाही नाही, आणि मजा नाही! सगळीकडे वन्सं भरल्यात.

२१ मार्च, शनिवार

जाहिरात लागली. भिंगरीनं फोनवर दाखवली. टकल्याचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत "जसाच्या तसा!" दाढीवाल्याची कल्पना. म्हणे जुन्या लोकांची तोंडं बंद होतील. भिंगरी खूश होती. तिच्यावर सगळं आहे म्हणे. हा गेम चालला तर ती पुढच्या कामाची मुख्य. नाही चालला तर टायरवाल्याकडे अर्ज करायचा, असं म्हणाली आणि हसली. पण नख खात होती. लहानपणी पेपर अवघड गेला की हेच बोट.

२ एप्रिल, गुरुवार

आज आनंद मावत नाही. वन्संच्या माळ्यावर टकल्या सापडला! खरा, डब्यासकट! हे गेल्यावर आवराआवरीत घेऊन गेली होती, मला न विचारता. "दादाची आठवण" म्हणून. पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवला होता, म्हणून बुरशी नाही. शेजारच्या रेडिओवाल्याकडून दुरुस्तही करून आणला. ढिली वायर दोन मिनिटांत नीट केली म्हणे त्यानं. दोन मिनिटं! आणि आमच्या ह्यांना एवढ्या वर्षांत सवड झाली नाही.

मी लगेच भिंगरीला कळवलं. वाटलं नाचेल. तर म्हणाली, "अरे वा," आणि मग जरा दबकत विचारलं, "आजी, तो अगदी तू सांगितलास तसाच आहे ना गं?"

मी म्हटलं, "म्हणजे काय! मी खेळलेय की ऐकीव सांगतेय?"

४ एप्रिल, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, पण न लिहून तरी काय.

वन्सं स्वतः डबा घेऊन आली होती, चांगले कपडे घालून, जणू वराकडची. दाढीवाल्यानं जुना टीव्ही मागवला. सगळी पोरं गोळा झाली. मला पुढं बसवलं.

गेम लागला. काळा पडदा. तीन पांढऱ्या रेघा, त्या म्हणे गच्च्या. एक टिंब, तो टकल्या. त्याच्यामागे दुसरं टिंब, ते कुत्रं. ऊन नाही, कपडे नाहीत. आवाज टिक् टिक् टिक्, पालीसारखा.

मी म्हटलं, टीव्ही बिघडलाय. दुसरा लावला. तरी तेच.

मग म्हटलं, खेळू तर दे. हाताला सगळं आठवत होतं. पहिली गच्ची पार केली आणि थांबले. टकल्या आता वळेल म्हणून थांबले. नाही वळला. कुत्रं आलं आणि खाल्लं. पुन्हा खेळले, पुन्हा थांबले, पुन्हा खाल्लं. दर वेळी. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"आजी, का थांबताय?" दाढीवाला म्हणाला.

"तो वळून बघतो ना!"

"आजी, त्याला वळायला मान नाहीये. टिंब आहे ते."

"भुवया उडवतो."

"टिंबाला भुवया?"

वन्सं मागून म्हणाली, "वहिनीला पहिल्यापासून नसलेलं दिसतं."

मी म्हटलं, कॅसेट बनावट आहे. दाढीवाल्यानं भिंगरीला काचेच्या खोलीत नेलं. काच असल्यामुळे सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. पहिल्यांदा दाढीवाल्याचं तोंड दिसलं, एवढं उघडलं होतं त्यानं.

येताना रिक्षात भिंगरी म्हणाली, "'जसाच्या तसा' म्हणून गावभर पाट्या लावल्यात, आजी. मी शब्द दिला होता. ते वळणं, भुवया, खळगा, सगळं काढून टाक म्हणतायत. आणि मी आजारी माणसाच्या बडबडीवर गेम बनवला म्हणतायत."

"आजारी कोण? मी?"

"तू नाही गं," म्हणाली. पण मीच.

५ एप्रिल, रविवार

काही नाही. भाजी खारट झाली. कुणी काही म्हणालं नाही, तेव्हा जास्त वाईट वाटलं.

७ एप्रिल, मंगळवार

झोपून विचार केला. म्हणजे मीही वन्संच की! तिनं थोरलीला सुईत दोरा ओवायला लावला, मी टिंबाला भुवया लावल्या. मणभर दूध काढलं मी त्या म्हशीचं. एवढी वर्षं वन्संवर हसले, आणि आता देवानं मलाच आरसा दाखवला. तोही काळा पांढरा.

पण मला खरंच दिसायचं. शपथ. मान अशी हळू वळायची, भुवया वर. "कसं काय?" आणि मला जग जिंकल्यासारखं व्हायचं. टिंबानं कसं होईल?

भिंगरी संध्याकाळी आली. जेवली नाही. मग एकदम विचारलं, "आजी, तू खेळायचीस तेव्हा आजोबा कुठं बसायचे?"

मी म्हटलं, "सांगितलं ना, टीव्हीपाशी, खाली. वायर धरून. मधे यायचे सारखे."

"तोंड कुठं? तुझ्याकडे?"

"टीव्हीकडे. मी गच्ची पार केली की मागे वळायचे, झालं का बघायला. वैताग. तेवढ्यात कुत्रं यायचं."

"बोलायचे काही?"

"ते? ते कशाला बोलतील. भुवया उडवायचे फक्त."

भिंगरी उठली. मग आमचा फोटो भिंतीवरून काढून बघत बसली. तिला आजोबा आठवत नाहीत, हे गेले तेव्हा रांगत होती. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हा खळगा." मी म्हटलं, लहानपणी जिन्यावरून पडले होते. ती नाक ओढायला लागली. सर्दी झालीय पोरीला. वाफ घ्यायला लावली.

८ एप्रिल, बुधवार

भिंगरीनं दाढीवाल्याला सांगितलं म्हणे, "वळणं काढणार नाही. काढायचं तर मलाही काढा." तिचा बाप ओरडला, नोकरी काय गच्ची आहे, उडी मारायला? मला काळजी वाटते. मीही म्हटलं, अगं, काढून टाक, मी म्हातारी चुकले. तर म्हणाली, "तू चुकली नाहीस. तू फक्त गेममध्ये टीव्हीच्या बाहेरचंही धरलंस." हिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलं तर जेवण गार होतं.

११ एप्रिल, शनिवार

वन्सं आली. मला वाटलं जखमेवर मीठ चोळायला. चहा प्यायली, पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, एक बोलू? थोरलीला चष्मा होता. जाड. तिला उजेडातसुद्धा सुई दिसायची नाही, दोरा मीच ओवून द्यायची."

मी माझा कप खाली ठेवला.

"आणि हसायची नाही ते दात पुढे होते म्हणून."

"आणि कप?"

"कप आई तिच्या हातात द्यायचीच नाही."

मी इतकी हसले, की ठसका लागला. वन्सं पाठ चोळत होती आणि स्वतःच जास्त हसत होती. मी म्हटलं, मग जन्मभर मला का छळलंस? म्हणाली, "तू आलीस आणि दादा लगेच माणसात आला. मला राग आला. थोरलीसाठी कुणीतरी रुसायला नको होतं का?"

तिला दुसरा कप दिला. तो फोडायचा राहिला, एवढंच.

१६ एप्रिल, गुरुवार

आज परीक्षा. दाढीवाल्यानं लहानपणी तो गेम खेळलेली माणसं शोधून बोलावली. एक दातांचा डॉक्टर, एक बस चालवणारी बाई, एक कुलूपवाला. कुलूपवाला म्हणाला, टकल्यामुळेच किल्ल्यांच्या धंद्यात पडलो. मीही गेले, चाकांच्या खुर्चीसाठी.

आधी त्यांना नवा गेम वळण्याशिवाय दिला, दाढीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे. तिघांनी खेळला. डॉक्टर म्हणाला, "छान आहे, पण काहीतरी हरवलंय." बसवाली म्हणाली, "जुन्याची सर नाही." कुलूपवाला नुसता हळहळला.

मग भिंगरीचा दिला. टकल्यानं उडी मारली, थांबला, वळला, भुवया उडवल्या.

"हां!" बसवाली ओरडली. "हे! हेच! तो वळून बघायचा, मी विसरलेच होते!"

डॉक्टर म्हणाला, "डोळा मारायचा तो. तुम्ही भुवया केल्यात, पण डोळा मारायचा. मी पैज लावतो."

कुलूपवाल्याचे डोळे भरले. म्हणाला, "आणि घंटा वाजायची. माझा मोठा भाऊ शेजारी बसून..." आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपत बसला.

दाढीवाल्यानं जुना टीव्ही लावला. टिंब. टिक् टिक्. तिघं बघत राहिले. मग बसवाली म्हणाली, "ही कॅसेट बनावट आहे."

मी फक्त दाढीवाल्याकडे बघून भुवया उडवल्या.

संध्याकाळी भिंगरीचा फोन. आनंदानं किंचाळत होती. वळणं राहणार, खळगा राहणार, ती राहणार! फक्त पाट्या बदलणार. "जसाच्या तसा" पुसून "जसा आठवतो तसा". हे दाढीवाल्यालाच सुचलं म्हणे. दाढीखाली काहीतरी आहे तर.

९ मे, शनिवार

टकल्या आज बाहेर पडला. भिंगरीचा फोन सारखा टुणटुणतोय. जगभरची म्हातारी माणसं लिहितायत, "अगदी तोच! वळून बघायचा तो!" एकानं लिहिलंय, नव्यात कुत्रं जास्त चांगलं वळतं, पण जुन्यातला टकल्या जास्त प्रेमानं वळायचा. भिंगरी वाचून सोफ्यावर आडवी झाली. वन्संनं पण फोन करून सांगितलं, "दादा असता तर म्हणाला असता, जुनाच चांगला." मी म्हटलं, तुझा दादा काहीच म्हणाला नसता.

भिंगरीच्या बापानंही खेळून बघितला, दार लावून. ऐकू येत होतं.

संध्याकाळी मी बसले. हातात शिंगं, पाठीला उशी. भिंगरी आली आणि माझ्याशेजारी बसायचं सोडून टीव्हीपाशी जमिनीवर जाऊन बसली. बरोब्बर मधे.

"अगं, तिथं कशाला? आता वायर आहे का धरायला?"

"असू दे," म्हणाली.

"दिसत नाही मला. डोकं बाजूला घे."

नाही घेतलं. हट्टी, कुणावर गेलीय कोण जाणे. मी मान वाकडी करून खेळले. पहिली गच्ची पार केली. टकल्या थांबला आणि वळला. आणि त्याच वेळी खाली बसलेली भिंगरीही वळली. मान हळूच, भुवया वर.

मी बघत राहिले.

कुत्र्यानं धरलं टकल्याला. धरू दे.